एक उकार

मे महिन्याची तीस तारीख, बेतुलची चौकी.
पंखा वळला की नोंदवहीचं पान उठतं, पुन्हा निजतं.
परवापासून मासेमारी बंद;
कुटबणच्या धक्क्यावर ट्रॉलर
बाजारातल्या बैलांसारखे एकमेकांना बांधलेले.

दारात एक माणूस. पायांत काही नाही,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड.
विचारलं, काय पाहिजे?
पुगार.
मी ऐकलं, पगार.
म्हटलं, पगार मालक देतो, पोलीस नाही.
त्यानं मान हलवली. पुगार.
बरं बाबा, गाव कुठलं?
पुगार.
मला वाटलं, ह्याला एवढा एकच शब्द येतो.

नाव मात्र लांबलचक: कलियपेरुमाळ.
रकान्यात मावेना,
शेवटचा ळ वडिलांच्या नावाशेजारी जाऊन पडला.

मग मोडक्यातोडक्या हिंदीत,
माझ्या बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून
त्यानं टेबलावर गाव काढलं.
ही कावेरी. हा दर्या.
बोट सरकवत आत नेलं: हे शिरणं, हे पुगार.
नदी शिरते तिथे वसलं, म्हणून बंदराचंही नाव तेच.
मास्तर सांगायचे, तिथे गलबतांतून घोडे उतरत,
मिरीच्या पोत्यांवर राजाचा शिक्का बसे.
मग दर्यानं शहर गिळलं.
नाव तेवढं तरंगत काठाला लागलं,
कोळ्यांनी ते उचलून झोपड्यांना लावलं.
पहाटेच्या धुक्यालाही जुनी माणसं पुगारच म्हणत.
आता कोण म्हणतं?
आता ठाण्याच्या भिंतीला लाल पेटी आहे, कुलूपवाली.
तिच्यावर लिहिलंय: पुगार.
आत कागद टाकायचा.

मी पेन खाली ठेवलं.
आमच्या कोर्टात शिपाई नावांचा पुकारा करतो,
गिरणीवाले संप पुकारायचे.
तोच शब्द असणार हा.
उत्तरेतून कुणा फौजेमागे, कुणा मुनशीच्या दौतीतून
चालत चालत दक्षिणेला पोचला,
आणि वेशीवर त्याला
हुबेहूब आपल्या तोंडवळ्याचा एक म्हातारा भेटला.
नातं काही नव्हतं.
तरी त्याच्याच घरात राहिला.
त्यांच्या लिपीत म्हणे क, ग, ह एकाच अक्षरात नांदतात;
हाक कशी येते त्यावर
कोण दार उघडणार ते ठरतं.

आमचं तरी काय वेगळं?
जुने हवालदार काझी म्हणायचे,
तक्रार म्हणजे अरबीत पुन्हा पुन्हा.
निवृत्त होईपर्यंत हसायचे त्या अर्थावर.
आणि पगार तर फिरंग्याच्या जहाजातून उतरलेला,
ह्याच किनाऱ्यावर कुठेतरी.
फिरंगी गेला, तो राहिला,
महिन्याच्या महिन्याला वाट बघायला लावत.

असो. जबाब घेतला.
ट्रॉलर मिनीन फेर्नांडिसचा. तीन महिने. चौपन्न हजार.
कलियपेरुमाळनं खाली आपल्या लिपीत सही केली,
अक्षरं गोल, जाळ्याच्या फासांसारखी,
आणि शाई वाळेपर्यंत बोट धरून ठेवलं.
उद्या रात्रीची गाडी आहे, म्हणाला.
त्याच्या गावी सूर्य दर्यातून वर येतो.
इथे बुडतो, हे त्याला चार वर्षांत पटलेलं नाही.

तो गेल्यावर खिडकीतून साळ नदीचं मुख बघितलं.
ओहोटी. वाळूचा दांडा उघडा पडलेला,
पाणी शिरायला जागा शोधत होतं.
एवढी वर्षं इथे बसतो,
ह्या जागेला आमच्यात एका शब्दाचं नाव
मला आठवेना.

वही मिटताना दिसलं,
गावाच्या रकान्यात माझ्या हातून उकार राहिलाय.
गाव: पगार.
खाडाखोडीला साहेबांची सही लागते,
साहेब मडगावला.
मिनीनचा फोन अजून बंद.